सुपारीएवढी ढेप

३ फेब्रुवारी, सोमवार

वही सुरू करण्याचं कारण – काल जेवताना प्रसेनजीत म्हणाला, "आई, यापुढं मोजमाप शिवानीला करू दे."

माझा मुलगा! त्याला पावकी-निमकी मी पाठ करून घेतली.

साचा बसला नाही म्हणून हे. सलग दुसरा. रबराच्या दोन बाटल्या येतात, अ आणि ब. दोन्ही सारख्या वजनाने घ्यायच्या, तीन मिनिटं ढवळायच्या, ज्या वस्तूचा साचा हवा तिच्यावर ओतायच्या. सहा तासांत घट्ट होऊन मऊ, वाकणारा साचा मिळतो. खाण्याच्या वस्तूला चालणारं रबर आहे, वास नाही, काही नाही. आमचं आतून चिकट राहिलं. घरातल्या दोघांनी काढलेला निष्कर्ष – आईने वजन चुकवलं. आईचं वय एकोणसत्तर. डिसेंबरात आईने गॅसवर दूध विसरलं. एकदा! त्या दुधावरची साय अजून निघते आहे.

मी बी.एस्सी., रसायनशास्त्र, १९७७. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पण नुसतं सांगून उपयोग नाही, नोंद पाहिजे. यापुढे प्रत्येक वजन या वहीत.

शोधाअंती चूक माझीच निघाली, तर मोजमाप सोडेन. तेही इथेच लिहीन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

नोंदीला सुरुवात नीट हवी. म्हणून आधीचं थोडं.

शिवानी माझी सून. दिवाळीत तिची नोकरी सुटली. डोकं चालतं तिचं, बसून राहणारी नाही. चहात टाकायला गुळाच्या लहान ढेपा करायच्या, एका कपाला एक, असं तिनेच काढलं. अमरसिंह म्हणून एकाच्या शहरात चहाच्या तीन गाड्या आहेत. त्याने ऐकलं आणि घरी आला. "वैनी, ढेपंसारखी ढेप दिसली पायजे बघा. कापडाची नक्षी उठल्याली. चॉकलेटगत गुळगुळीत कायबी नको." अठरा तारखेपर्यंत नमुना मागितला आहे.

लाकडी साच्यात गूळ चिकटतो. या रबराचा साचा उलटा केला की ढेप टुणकन बाहेर येते आणि कापडाचा धागान् धागा उमटतो. फक्त आधी एक लहान, खरी ढेप हवी, जिच्यावर रबर ओतायचं.

ती बाळासोने करून दिली. बाळासो माझा धाकटा भाऊ. गुळव्या आहे – काहिलीतल्या रसाचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस. खोकल्याच्या औषधाच्या टोपणात ओलं फडकं घालून त्याने सुपारीएवढ्या बारा ढेपा पाडल्या. माझ्यासाठी वर्षाला एक आदण, म्हणजे एक काहिलीभर रस, वेगळं काढतो, त्यातल्याच. पिवळ्या, सोन्यासारख्या. पूर्वी त्याचा गूळ काळपट यायचा. मी स्पष्ट बोलले असेन, तेव्हापासून सुधारला. माणसाला सांगावं लागतं.

वेष्टनावरचा मजकूर माझा. "भेंडीच्या पाण्यावर काढलेला गूळ. पावडर नाही." भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी काहिलीतला मळ वर आणतं. हल्ली बहुतेक जण रंगासाठी पांढरी पावडर टाकतात. बाळासो टाकत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

तिसरा प्रयत्न. रबर अ – ५० ग्रॅम. रबर ब – ५० ग्रॅम. ढवळणं – तीन मिनिटं, घड्याळ लावून. साक्षीदार – शिवानी.

संध्याकाळी उघडलं. चिकट!

पण एक दिसलं. बाहेरून रबर उत्तम बसलं आहे. जिथे ढेपेला टेकलं तिथेच ते कच्च्या पिठल्यासारखं आहे. वजन चुकलं असतं तर सगळंच कच्चं राहिलं असतं. जेवताना हे समजावून सांगितलं. प्रसेनजीत म्हणाला, "हं."

शेवटच्या बाकावरून असे "हं" एकतीस वर्षं ऐकले आहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रसेनजीतचा मित्र विश्वजित आला होता. हुपरीचा, घरात चांदीच्या पैंजणांचं काम. म्हणाला, "मावशी, आमच्यातलं रबर घ्या की! आमचं साचं त्यातच करतोय आम्ही. निम्म्यात येतंय."

विचारलं, "खायच्या वस्तूला चालतं का?"

"ते कुणाला म्हाईत? पैंजणाला चालतंय."

"पैंजण कुणी चहात टाकत नाही," म्हटलं.

चहा पिऊन गेला. रबर घेतलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गूळ बाजूला ठेवला. तीच बाटली, तेच वजन. एकदा पितळी चमच्यावर ओतलं, एकदा काचेच्या गोटीवर, एकदा सुपारीवर. सहा तासांनी तिन्ही साचे आतून खडखडीत कोरडे. सुपारीची शीर न् शीर उठली आहे.

म्हणजे वजन बरोबर. गोम गुळात आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रसेनजीतला साचे दाखवले. म्हणाला, "पण आई, आपल्याला सुपारी विकायची नाहीये."

१० फेब्रुवारी, सोमवार

रबराबरोबर आलेला कागद भिंग घेऊन वाचला. आधीच वाचायला हवा होता, हेही नोंदवते. मुंगीच्या पायाएवढं अक्षर. त्यात आहे की गंधक ज्याच्यात असतं त्याला टेकलं की हे रबर बसत नाही. भांडी घासायच्या रबरी मोज्यांनीही बिघडतं. शिवानीचे मोजे खिळ्याला होते. साक्ष काढली – एकदाही घातले नव्हते.

गुळात गंधक कुठून येणार?

एकाच वाटेने येतं. त्या पांढऱ्या पावडरीत असतं.

कागदाची घडी घातली. बाळासो टाकणार नाही. दुष्काळाच्या साली वडील म्हणाले होते, एकालाच शिकवणं होईल, आणि थोरली हुशार आहे. बाळासो आठवीतून घरी बसला. त्याबद्दल आजवर एक शब्द नाही. असा माणूस बहिणीला फसवत नाही.

पण हे अनुमान झालं. पुरावा नाही झाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या शाळेत गेले. प्रयोगशाळेत अजून जोतीराम आहे, माझ्या हाताखाली लागला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता केस पिकलेत. जस्ताचे तुकडे, थोडं आम्ल आणि शिशाच्या मिठाचे कागद मागितले.

"बाई, बॉम्ब करताय काय?"

"गूळ तपासायचाय."

"त्यापरास बॉम्ब बरा. गुळावरनं भांडणं लई होत्यात."

घरी गूळ पाण्यात विरघळवला. जस्त, आम्ल. वर ओला कागद धरला. गंधक असेल तर कागद काळा पडतो.

पडला.

तीनदा केलं. तीनदा काळा. गुळाशिवाय केलं – पांढरा.

शिवानी शेजारी उभी होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही बरोबर होता, आई."

होते. प्रसेनजीत "सॉरी, आई" म्हणाला. नोंद घेतली. या वहीचं काम खरं तर इथे संपलं. आनंद व्हायला हवा होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एस.टी.ने गावी. कुणाला सांगितलं नाही.

बाळासो काहिलीपाशी होता. मला पाहून चुलवाणावरच्या गड्याला म्हणाला, "जाळ कमी कर. आक्का आलीया." मग मला, "जय भीम, आक्का. येकटीच? फोन तरी करायचा!"

पिशवीतून काळे कागद काढून त्याच्यासमोर धरले. काय आहेत ते सांगितलं.

त्याने एक कागद उलटा करून बघितला. मग म्हणाला, "ह्या कागदाला कळतंय व्हय!"

"टाकतोस का?"

"टाकतो की. मूठभर."

नाकारेल असं वाटलं होतं. त्याची तयारी करून गेले होते. कबुलीची तयारी नव्हती.

मग मी बोलले. लबाडी हा शब्द वापरला. वेष्टनावर मी काय लिहिलं आहे ते सांगितलं. माझ्या सुनेच्या हातून तू खोटं विकायला लावणार होतास, म्हटलं. गडी ऐकत होते. ऐकू देत! बाळासो झारा हातात धरून उभा. मध्ये एकदाच म्हणाला, "आक्का, तू बोलून घे आधी." मी बोलून घेतलं. रस उतू जायला आला तेव्हा तो वळून झारा फिरवू लागला.

चहा आला. घेतला नाही.

भिंतीकडेला ओळीने ढेपा लावल्या होत्या. काळ्याभोर. दुसऱ्या कुणाच्या असतील. इतकी वर्षं असल्या गुळाला नाकं मुरडली, निदान तो खरा तरी आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वेष्टनाचे सगळे कागद फाडले. शिवानी म्हणाली, "पाठकोरे तरी ठेवायचे." ते खरं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गावाकडच्या दुधाच्या गाडीवाल्याने डबा आणून दिला. आत सुपारीएवढ्या बारा ढेपा. काळ्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

कागद धरला. पांढराच राहिला.

रबर अ – ५० ग्रॅम. रबर ब – ५० ग्रॅम. तीन मिनिटं. एका कोपऱ्यातून बारीक धार धरून ओतलं, बुडबुडे वर यावेत म्हणून ओटा थापटला. सहा तासांनी शिवानीने साचा उलटा केला. ढेप टुणकन तिच्या तळहातावर. साच्यात फडक्याची वीण उमटलेली, एका जागी धागा तुटलेला, तोही उमटलेला!

शिवानी नाचलीच. मी म्हटलं, बाळासो सुधारला. बोलल्याशिवाय माणूस सुधारत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

अमरसिंहला साच्यातून पाडलेली ढेप नमुना म्हणून दाखवली. दोन दिवस आधी. त्याने चहात टाकली, ढवळली, प्यायला. शिवानीने विचारलं, "रंग काळा आहे, चालेल?"

"वैनी, काळा हाय म्हणूनच तर! पिवळ्या गुळावर आता कोण इश्वास ठेवतंय?"

होकार दिला. शिवानीने प्रथमच पाया पडण्याच्या भानगडीत न पडता मला मिठी मारली. मी तराजू पुसत होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अंबूबाई आली. बाळासोची बायको. एकटी कधी येत नाही. पाणी प्यायली नाही, पदरातून कॉफीची बरणी काढून टेबलावर ठेवली. तळाला पांढरी पावडर.

"वन्सं, ह्यास्नी काय बोलायचं ते बोला. थोरल्या हाईसा. पर लबाड म्हणू नका. गुरवारपासनं घास उतरंना त्येंच्या घशाखाली."

मी म्हटलं, "पावडर टाकतो हे त्याने कबूल केलंय."

"टाकत्यात. तुमच्या येका आदणात. बाकी समदा काळाच असतोय. काळा म्हणून बाजारात कोण हात लावंना, पर त्यात चिमूटभर टाकत न्हाईत."

"मग माझ्यात का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. थट्टा करते आहे का, असं.

"तुम्हीच म्हणालता की! ह्या घराच्या घरभरणीला. ढेप घिऊन आलतो आम्ही. तुमच्या शाळंतल्या बाया बसल्यात्या. 'हा काळा गूळ आत ठेव बाळासो, पाहुण्यांपुढं आणायला लाज वाटते.' जाताना वाटंत ह्ये म्हणालं, शिकल्याली बहीण हाय, माझ्यापायी तिला खाली बघाय लागाय नको."

मला आठवत नाही. खूप ताण दिला. घरभरणी आठवते, शाळेतल्या शिक्षिका आठवतात, कुठल्या साड्या होत्या ते आठवतं. हे वाक्य आठवत नाही.

प्रसेनजीतकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याला आठवत होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंबूबाई सकाळच्या गाडीने परत गेली. देवघेव अशी –

मिळाली : कॉफीची बरणी, एक. पावडर दोन बोटं. वर चिकटवलेल्या कागदावर बाळासोच्या आठवीतल्या अक्षरात – "फकस्त आक्काचा गूळ".

दिला : पहिला नीट बसलेला साचा, अंबूबाईच्या हाती, बाळासोसाठी. निरोप – काळाच पाठव. पाहुण्यांपुढे मी ठेवते.

दिला : तराजू, शिवानीला. कारण ३ तारखेच्या नोंदीच्या शेवटी आहे.