येळवसचे पाव्हणे

किल्लारी
२० डिसेंबर २०२५

चि. अयोध्या हिस केवळा आजीचे पदर भरून आशीर्वाद. वि. वि.

काल येळवसच्या अवसेला शेतात पूजेला सगळ्यात आधी कोण आलं म्हणशील तर तुझी विठाआत्या. आठ वाजले न्हाईत तर बाई जीपमधून उतरून शेतात हजर. येळवसला माणूस डोक्यावर आंबिलानं भरलेलं बिंदगं घेऊन येतं, हिच्या पिशवीत नुसता चष्मा. मी म्हणलं, विठे, ताटातलं दिसण्यापुरती नजर चांगली हाय तुझी. हसून राहिली, पण भज्जी तिनंच दोनदा वाढून घेतली. भज्जी यंदा लई झकास झाली. तीत सगळ्या भाज्या पडल्या, हरभरा कवळा होता. कडब्याची कोप पण मोठी केली होती, धा माणसं सावलीला बसली. तू पायजे होतीस, पण तुझा बाप व्यंकट म्हणाला तुझ्या क्लासला सुट्टी न्हाई. असू दे.

आता खरी गोष्ट ऐक. तुझ्यासाठी पाव्हणे आले होते! चार दिवस आधी तुझ्या बापानं मला खाटेवर बसवून सांगितलं, की अयोध्यासाठी माणसं यायलेत, त्यांच्याशी तूच बोल, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून आलेलं लोकांना खरं वाटतं. जहाजावरच्या नोकरीचं काही निघालं तर पोरीनं तो नाद सोडला म्हण, असंही म्हणाला. मला काय, बोलायला दिलं की झालं.

बाराच्या सुमाराला मोटारीतून दोघं उतरले. एक उंचपुरा पोरगा, सुदर्शन नाव, आणि एक पोरगी, महामाया, केस बारीक कापलेले पण तोंड गोड. मी म्हणलं बहीण असंल, नवऱ्यामुलाची बहीण तर येतीच आधी बघायला. दोघांना कोपीत बसवलं, आंबील दिली. पोरानं दोन गिलास पिली तवाच मला पसंत पडला.

त्यांनी आपणहून जहाजाचं काढलं. सोयऱ्यांना तीच धास्ती असती बघ, की सून उद्या निघून जाईल. मी लगेच त्यांची काळजी मिटवली. सांगितलं की आमची अयोध्या आता समुद्राचं नावसुद्धा काढत न्हाई, धरणाचं पाणी बघितलं तरी तिला भोवळ येती, तिला घर न् घरची माणसं पायजेत. भाकरी पापडावाणी करती हेही सांगितलं. देवानं क्षमा करावी, पण लेकीचं सांगताना चार शब्द जास्तीचे घालावेच लागतात. त्या महामायानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, की हे अयोध्या स्वतः म्हणती का. मी म्हणलं, तिच्या मनातलं मला कळत न्हाई तर कुणाला कळावं. मग तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं पसंती लिहिली. व्यंकट बाजूला उभा राहून सगळं ऐकत होता. तुझी आई पलीकडं वाढण्यात होती.

फोन कानाला लावला की मला नुसतं शी-शी ऐकू येतं, म्हणून लिहिलं. मोठ्या अक्षरात उत्तर धाड. थंडीत कान बांधून फिर. कळावं, आजीवर जीव असू दे.

तुझी केवळा आजी


नांदेड
२७ डिसेंबर २०२५

ती. आजीस अयोध्याचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मोठ्या अक्षरात लिहिते आहे, सावकाश वाच. वाचून झालं की रागवू नको आणि रडू पण नको.

ते सोयरे नव्हते, आजी. दोघं माझ्याच मुंबईच्या नाविक कॉलेजचे, माझ्या आधीच्या वर्षांचे. दोघंही जहाजावर अधिकारी आहेत, सध्या सुट्टीवर आलेत. कॉलेजचं माजी विद्यार्थ्यांचं मंडळ आहे, कुठल्या जहाजावर कुणाची भरती आहे ती बातमी ते सगळ्यांना कळवतात. या वेळी एका कंपनीला डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरच्या शिकाऊ अधिकारी म्हणून मुली हव्या होत्या. गेल्या वर्षी दोन मुलींची नावं लागली आणि घरच्यांनी ऐन वेळी सोडलं नाही, जागा वाया गेल्या. म्हणून आता ते आधी घरी जाऊन विचारतात. मराठवाड्यातून माझं एकटीचं नाव होतं.

हे मला कुणी सांगितलं, तर माझ्या वर्गातल्या आरतीनं, तेही परवा. तिनं यादी पाठवली. माझ्या नावापुढं लिहिलंय, मुलगी घरी स्थिरावली, कुटुंबाची इच्छा नाही. मी सुदर्शन सरांना फोन केला. ते वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की तुझ्या आजीनं इतक्या मायेनं सांगितलं, आम्हाला शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

मी नांदेडला आले, नंबर बदलला, तेव्हा कॉलेजात पप्पांचा नंबर दिला होता. रेंज नसली, क्लासमध्ये असले तरी निरोप चुकू नये म्हणून. दोन वर्षं मी कोचिंगला पोरांना फिजिक्स शिकवते आहे आणि पप्पा दर रविवारी फोनवर विचारतात, की कुठून काही बातमी आली का गं. मी नाही म्हणायची आणि तेच मला धीर द्यायचे.

आणखी एक. मी येळवसला यायला निघाले होते. पिशवी भरली होती. पप्पांचा फोन आला, की आजीला बरं नाही, यंदा कोप घालत नाही, उगाच येऊ नको.

मला तुझ्याकडून एकच हवं आहे. ते कोण आहेत हे पप्पांना माहीत होतं का, तेवढं विचार. मला माहीत आहे काय उत्तर येणार. तरी विचार. आणि आजी, तू माझ्या मनातलं ओळखतेस असं म्हणालीस. धरणावर मला हट्टानं घेऊन जाणारी तूच होतीस ना?

तब्येतीला जप. कळावे, ओढ तशीच ठेव.

तुझी अयोध्या


किल्लारी
२ जानेवारी २०२६

चि. अयोध्या हिस आजीचे आशीर्वाद, घ्यावे वाटले तर घे. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मला वाचता येत न्हाई. मग वाटलं न येतं तर बरं होतं.

मला बरं न्हाई म्हणून सांगितलं त्यानं! मी धा माणसांच्या पंगतीत आंबील वाढायले होते, सर्दीसुद्धा न्हवती मला. आणि मला सांगितलं तुला सुट्टी न्हाई. दोघींच्या मध्ये उभा राहून दोघींशी वेगळं बोलला.

मी व्यंकटला विचारलं. आधी न्हाई म्हणाला. मग म्हणाला फोन आला होता, पण नीट कळलं न्हाई. मी त्याच्याकडं बघत बसले. मी त्याची आई हाय, खोटं बोलताना तो लहानपणापासून कानाची पाळी ओढतो. शेवटी उठला, लोखंडी पेटी उघडली. एक न्हाई, तीन कागद निघाले अयोध्या. एक येळवसला पाव्हण्यांनी आल्या आल्या त्याच्या हातात दिलेला, दोन आधी पोष्टानं आलेले. तिन्हींवर तुझं नाव. एक तर गेल्या गणपतीचा हाय. कागद फाडले न्हाईत, जाळले न्हाईत, इस्त्रीच्या कापडाखाली घडी करून ठेवले होते. ह्याचं मला लई वाईट वाटलं. विसरला असता तर एक वेळ समजलं असतं.

बैलाला झूल घालून पुढं मिरवतात तसं माझ्या लेकानं मला पुढं केलं. मी आपली खुशीत डोलत राहिले. त्याला स्वतःच्या तोंडानं न्हाई म्हणायची हिंमत न्हवती, म्हणून माझं तोंड घेतलं.

का केलं विचारलं तर म्हणाला, भूकंपात धाकली बहीण गेली, तिला मी ह्या हातांनी काढली, आता लेक पाण्याला देऊ का. तुला मुंबईला कॉलेजात सोडलं तवा त्याला वाटलं होतं शिकंल आणि हापिसात बसंल. मग मी पण बोलले. म्हणलं, ती घरात निजली होती रे व्यंकट. आपल्याच माळवदाखाली, माझ्या कुशीला. जमिनीवरच होती. तो चप्पल न घालताच शेताकडं गेला.

तुला धरणावर मीच न्यायची, खरं हाय. तू पाण्याकडं बघत बसायची आणि मी तुझ्याकडं. तुझ्या मनातलं मला ठाऊक होतं, तरी दुसरंच बोलले, कारण नवरा मिळंल ह्याचा मला आनंद झाला होता. तेवढा गुन्हा माझा. तो बापावर टाकू नको.

सोबत वेगळा कागद हाय, त्या पाव्हण्यांना दाखव. त्यात लिहिलंय की मी केवळाबाई, येळवसला जे बोलले ते मनानं रचून बोलले, माझी नात रोज जहाजाची वाट बघती, आणि तिला भोवळ येत न्हाई. खाली सही केली हाय. अंगठा न्हाई, सही.

कळावं. तुझा लोभ मागायला तोंड न्हाई, तरी मागते.

केवळा आजी


नांदेड
१० जानेवारी २०२६

ती. आजीस नमस्कार. वि. वि.

तुझ्या कागदाचा फोटो महामाया ताईंना पाठवला. त्यांनी लगेच फोन केला. तुझी सही मी लई वेळ बघत होते, म्हणाल्या. पण ती जागा गेली. दुसऱ्या भागातल्या एका मुलीला मिळाली, ती गेल्या आठवड्यात रुजू पण झाली. चांगली मुलगी आहे म्हणतात.

मार्चमध्ये आणखी एक भरती आहे. त्यासाठी माझं नाव परत घालायचं तर घरी येऊन सगळ्यांसमोर एकदा विचारणार, आणि या वेळी मी तिथं हवी, असं त्यांचं म्हणणं आहे. मी हो म्हणाले.

जहाज गेलं त्याचं मी सोसेन. पण दोन वर्षं मी स्वतःलाच नावं ठेवत होते, की आपल्यातच काही कमी असेल म्हणून कुणी बोलवत नाही. आणि ज्यांच्याजवळ मी हे रडत होते, त्यांच्या पेटीत बोलावणी पडून होती. पप्पांचे नऊ फोन आले. मी उचलले नाहीत. काय बोलू ते सुचलं की उचलेन.

तुझ्यावर राग होता, आता अर्धाच उरला आहे. औषध वेळेवर घे.

तुझी अयोध्या


किल्लारी
१६ जानेवारी २०२६

चि. अयोध्या हिस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

अर्धा राग उरला तो ठेव, मला लायकीपेक्षा कमीच हाय तो. संक्रांतीचा तिळगूळ विठाआत्याकडं दिलाय, ती नांदेडला लेकीकडं यायली. वाटेत तिनं खाल्ला न्हाई तर तुला मिळंल.

व्यंकट दोन घास खाऊन उठतो. काल म्हणाला, पाव्हणे येतील त्या दिवशी मला औश्याला काम हाय. मी सांगितलं, काम असो का अजून काही, तू इथंच बसायचं. मग त्यानं ते तीन कागद माझ्यापुढं धरले आणि म्हणाला, आई, तूच दे तिला. मी हात मागं घेतले. एकदा त्याच्यासाठी बोलले तेवढं पुरे झालं. ज्यानं ठेवले त्यानंच सगळ्यांसमोर तुझ्या हातात द्यायचे, आणि का ठेवले ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्यावर तू काय करायचं ते मी सांगणार न्हाई. माफ कर म्हणून तुझ्या मागं लागणार न्हाई. मी त्या दिवशी चहा करीन आणि गप बसीन. गप बसायची सवय न्हाई, आत्तापासून करायले.

एक दिवस आधी ये, जमलं तर. कळावं, माया आटू देऊ नको.

केवळा आजी

ता. क. पाव्हण्यांचा निरोप तुझ्या आईच्या फोनवर आला, बापाच्या न्हाई. २५ जानेवारीला, रविवारी, सकाळी येतो म्हणालेत.