आडनाव न विचारणारा प्रोग्रॅम

बाई,

केडगावच्या तुमच्या घरात आता ब्यूटी पार्लर आहे. परवा रिक्षातून पाटी दिसली. ज्या खोलीत आपण वजनकाटे ओळखायला शिकलो, तिथं आता लोक ओळखू न येण्यासाठी जातात. तुम्ही हसला असतात, आणि लगेच म्हणाला असतात, "टोमणे नंतर, आधी काम दाखव." तुमचं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेलं एक टेबल. नव्वदच्या दशकातल्या नगरात कंप्युटरच्या खोलीत लोक चपला काढून जायचे. तुम्ही त्याच्याच शेजारी कोथिंबीर निवडायचात. साखर कारखान्याच्या काट्यावरचं उसाचं वजन थेट कंप्युटरवर आणायचं, हे आपलं काम. पण प्रत्येक कारखान्याचा काटा वेगळा आणि प्रत्येकाची बोली वेगळी. एक अखंड बडबडणार, दुसरा विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. समोर कोण आहे हे आपल्या प्रोग्रॅमला आपलं आपण कळायला हवं होतं. डिप्लोमा होऊन आलेल्या मला उपाय सोपा वाटला: सगळ्या कंपन्यांची नावं प्रोग्रॅमच्या पोटात भरायची. नाव जुळलं तर आत, नाही तर 'अनोळखी' म्हणून बाहेर.

तुम्ही भाकरी थापता आहात आणि मी दारात उभा राहून ही योजना वाचून दाखवतो आहे, जणू विधिमंडळात अर्थसंकल्प. "यादीत नसलेला काटा आला तर?" तुम्ही विचारता. "त्याला नाही म्हणायचं." "का रे?" "ओळख नाही म्हणून." तुम्ही तव्यावरची भाकरी उलटता. मग म्हणता, "मी पहिली नोकरी मागायला गेले ना, तेव्हा साहेबानं माझे कागद उघडलेच नाहीत. आडनाव काय, गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला? झालं. मला काय येतं, हे विचारायचं राहूनच गेलं त्याचं. तोच साहेब तू माझ्या कंप्युटरात आणून बसवतोस होय?"

यादी त्याच दुपारी गेली. मूळ प्रोग्रॅमला एकाही काट्याचं नाव माहीत असता कामा नये, असं तुम्ही ठरवलंत. प्रत्येक काट्यासाठी वेगळी छोटी फाइल. तिला तुम्ही 'जोड' म्हणायचात. प्रोग्रॅम एकेका जोड-फाइलीला विचारणार, समोरचा बोलतोय ते तुला कळतंय का? जिला कळलं तिनं वजन द्यायचं. जिला नाही, तिनं 'मला कळत नाही' म्हणून बाजूला व्हायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. हे जमणारा दुसरा प्राणी मला अजून नगर जिल्ह्यात भेटलेला नाही. आता याला प्लगइन म्हणतात आणि त्यावर व्याख्यानं होतात. मी ऐकली आहेत. जेवण चांगलं होतं.

मग ऐन हंगामात कारखान्यातून फोन आला. काट्याचं आकडे दाखवणारं यंत्र जळालं होतं आणि मेकॅनिकनं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधलं एक यंत्र आणून बसवलं होतं. त्यावर ना पाटी, ना कंपनीचा पत्ता. आपण एसटीनं पोचलो तेव्हा बैलगाड्यांची रांग पार रस्त्यावर आलेली. पाथर्डीकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या होत्या. त्यांची मजुरी वजनावर, आणि ऊस उन्हात वाळला की वजन घटतं. पहिल्या गाडीवरून एक तोडणीवाली ओरडली, "ओ म्याडम, बिगीबिगी बगा! आत्ता तोललं तर वजन आमचं, न्हाईतर उन्हाचं!" काट्यावरचा कारकून म्हणाला, "कंप्युटर म्हनतोय, कुनालाच कळंना." खरंच, आपल्या सगळ्या जोड-फाइली एकापाठोपाठ एक हात वर करून मोकळ्या झाल्या होत्या.

मी तुमची पिशवी उलटीपालटी केली. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरची फ्लॉपी सापडली. "बाई, मूळ प्रोग्रॅमच्या कोडची फ्लॉपी?"

"घरी. पिठाच्या डब्यावर."

"विसरलात?"

"मुद्दाम ठेवली. जवळ असती तर तू तिलाच फाडत बसला असतास. नवी जोड लिही. एवढ्यासाठी मूळ प्रोग्रॅम उघडावा लागला, तर आपण काही बांधलंच नाही म्हणायचं."

तुम्ही त्या तोडणीवालीची गाडी काट्यावर घेतलीत, उतरवलीत, पुन्हा चढवलीत. बैल वैतागले, ती वैतागली, तुम्ही पडद्यावरून नजर काढली नाहीत. "उलटं बोलतंय मेलं," तुम्ही पुटपुटलात. शेवटचा आकडा आधी, पहिला शेवटी. मग म्हणालात, "बोलू दे. खरं बोलतंय ना?" मी जोड लिहिली, तुम्ही तपासलीत, इतरांच्या शेजारी ठेवलीत. प्रोग्रॅमनं पुन्हा सगळ्यांना विचारलं. नवी म्हणाली, मला कळतंय. पडद्यावर वजन उभं राहिलं, आणि ती तोडणीवाली गाडी पुढं काढताना तुम्हाला म्हणाली, "आता कसं!" कारकुनानं मान पुढं काढली, "कंच्या कंपनीचा निघाला वो?"

"विचारलंच नाही," तुम्ही म्हणालात.

मी अजून यंत्रं ओळखणारे प्रोग्रॅमच लिहितो, आणि उरलेल्या वेळात पेपरात लोकांच्या टोप्या उडवतो. तुमच्यावर लिहायला बसलो की हात आखडतो, एक टोमणा सुचत नाही. असा लेख दिला तर माझा संपादक मला आजारी समजेल, आणि तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. तेव्हा हे टेबलाच्या खणातच राहील. फक्त एक सांगून ठेवतो. मूळ प्रोग्रॅममध्ये कुणाचंही नाव नको, हा नियम मी मोडला आहे. माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत तुमचं नाव असतं, आडनावासकट. ती नुसत्या टिपणीची ओळ आहे, बाई. यंत्र ती वाचत नाही.