सीव्हीतली मातृभाषा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मला तुमच्याशी कडाकडा भांडायचं आहे. मी नांदेडला आवाज देण्याची कामं करते: जाहिराती, माहितीपट, बँकेच्या फोनवरच्या सूचना. माझ्या सीव्हीत भाषेच्या रकान्यात पहिल्यापासून एकच ओळ होती, 'शुद्ध, निर्दोष मराठी'. ती कमाई तुमचीच, तुमच्या वर्गातली. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका स्टुडिओला मालिकेतल्या हदगावकडच्या आईसाठी आवाज हवा होता. वर्षभराचं काम. मी हदगावचीच, मोठ्या ऐटीत त्या ओळीखाली लिहिलं, 'मातृभाषा: मराठवाडी बोली'.

चाचणीत चार वाक्यं बोलले. तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, जरा ओरिजिनल येऊ द्या ना. हे पाठ केल्यासारखं वाटतंय." काम पुण्यातल्याच एका मुलीला मिळालं. तिची बोली ना हदगावची, ना आणखी कुठल्या गावची, पण तिच्या आवाजाला म्हणे मातीचा वास आहे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन आईला फोनवर तीच वाक्यं म्हणून दाखवली, तर ती हसायलाच लागली. "आगं, असं काहून बोलून राहिलीस? माझी नक्कल करून राहिलीस काय?"

मी तिसरीत आहे. तुम्हाला म्हणते, "बाई, लई भूक लागून राहिली." तुम्ही म्हणता, "लई नाही, खूप. लागून राहिली नाही, लागली आहे." सगळा वर्ग डबे उघडून बसला, आणि मी नीट म्हणेपर्यंत तुमच्या टेबलाशी उभी. हे कुठलं शिकवणं, बाई? पोरीला आधी जेवू तरी द्यायचं! आणि धड रागावूही देत नाही तुम्ही. दहावीत वक्तृत्व स्पर्धेला तुमची स्वतःची इरकल मला नेसवलीत, खाली बसून निऱ्या सारख्या केल्यात आणि म्हणालात, "आता कुणी तुला खेडवळ म्हणणार नाही." नाही म्हणत कुणी. तीच तर बोंब आहे!

सीव्हीतली ती दुसरी ओळ अजून खोडलेली नाही. खोडणारही नाही. आज तुम्हाला आईच्या बोलीत चार शिव्या घालाव्यात म्हणून लिहायला बसले होते. सुचल्या, पण त्याही शुद्धच. आणि हे पत्र कुठेही पाठवायचं नाही, हे माहीत असून मी आत्ता त्यातले सगळे ऱ्हस्व-दीर्घ तपासले.