पिवळ्या पट्टीतली बोट

३ मार्च, सोमवार
पहिली आली ती समोरची शिंपीणबाई. सुई मागायला म्हणे! जिच्या घरात सुया पायाला टोचतात, ती माझ्याकडे सुई मागते? कानोसा घ्यायला आली होती, दुसरं काय. तिच्या पाठोपाठ बोटवाला आला, बगलेत चित्रांची पुस्तकं. मग ती खुर्चीवर जी बसली ती उठेचना. आता सगळ्या बिल्डिंगला कळलं असणार, की आमचं बिऱ्हाड बोटीवर चाललं. कळू दे. मी सांगणारच होते.

मुलाने ऑफिसातून लांबलचक रजा घेतली आहे. तो, सूनबाई, नात आणि मी, सगळ्यांनी पाण्यावर राहायचं, बंदरं बघत हिंडायचं. बोट दोन अंगांची, तिला कॅटमरान म्हणतात. मला लगेच समजलं. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या आणि वर घर मांडायचं. कलंडत नाही, चहा सांडत नाही. बोटवाला म्हणाला, फॅमिलीला हीच बरी. फॅमिलीला म्हणजे मलाच की! गुडघ्याने दगा दिल्यापासून हा तिसरा मजला मी उतरलेले नाही. खिडकीतून दिसतं ते औषधवाल्याच्या दुकानाचं छप्पर आणि त्यावर पडलेली एक चप्पल. पाऊस झाला, ऊन झालं, चप्पल तिथेच. एकदाची सुटले मी त्या चपलेच्या तोंडातून.

बोटीवर चढउतार असते म्हणे. उद्यापासून जिन्याचा सराव.

४ मार्च
जिना नुकताच पुसला होता. ओल्यात कोण जाणार. उद्या नक्की.

५ मार्च
जिन्यातला बल्ब गेला.

८ मार्च, शनिवार
दोन बोटींवर गाडी अडली आहे. मुलाने सोफा भिंतीला लावला आणि हॉलच्या फरशीवर चिकटपट्ट्यांनी दोन्ही बोटी मापात आखल्या. एक लाल पट्टीची, एक पिवळ्या पट्टीची. लाल बोटीत तीन खोल्या, पण स्वयंपाकघर खाली एका अंगात, अगदी बोळ. पिवळीत दोनच खोल्या, पण स्वयंपाकघर वर, ऐसपैस, सगळीकडून काच. उद्या दिवसभर सगळ्यांनी पट्टीच्या आत राहायचं, मग मत द्यायचं. मत मलाही आहे. शिंपीणबाईला दारातूनच सांगितलं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

९ मार्च, रविवार
सकाळी लाल बोट. पट्टीबाहेर पाय पडला की नात ओरडते, बुडालीस! मी दुपारपर्यंत सारखी बुडत होते. माझी खोली म्हणजे सोफा आणि कपाट यांच्यामधली फट. कूस बदलली की नाक कपाटाला. आणि त्या स्वयंपाकघरात सूनबाई आत असली की मी बाहेर. दोघी आत गेलो तर एकीने उलटं चालत निघायचं.

दुपारनंतर पिवळी. अहाहा! मी मधोमध उभी राहून दोन्ही हात पसरले. मत दिलं, पिवळी. मुलगा म्हणाला, आई, नीट बघ, खोल्या बघ. म्हटलं, खोल्या काय चाटायच्यात? माणूस दिवसभर खोलीत असतं का? तो परत म्हणाला, अगं पण झोपायचं कुठे. म्हटलं, नातीजवळ. नात म्हणाली, आजी, माझ्या पट्टीत माझेच पाय मावत नाहीत. पोरीची जात, चेष्टेखोर. मी लाल बोटीवर पाऊल ठेवणार नाही म्हणून जेवणच नाकारलं. म्हणजे रात्रीचं. दूध घेतलं.

शेवटी सूनबाई म्हणाली, आईंचं एवढं मन आहे तर पिवळीच घेऊ. आणि माझ्याकडे बघेना. लाजली बिचारी, माझ्यापुढे तिचं काही चालत नाही.

१५ मार्च
बोटवाला कागद घेऊन आला. म्हणाला, पिवळी तीन माणसांना अगदी आरामशीर. मला त्याने मोजलंच नाही. बरोबर आहे, घरच्या मोठ्या माणसाला कोणी मोजत नसतं. मग म्हणाला, कॅटमरानला जास्त ओझं सोसत नाही. मी लगेच बोटीसाठी भरलेल्या लोखंडी पेटीतून जाड गोधडी बाहेर काढली. आता ओझ्याचा प्रश्न मिटला.

सराव आज राहिला. माणसं आली की राहतो.

२३ मार्च, रविवार
आज जिना उतरले! आपली आपण, मधल्या वळणापर्यंत. तिथे वारा छान लागत होता म्हणून जरा टेकले. मग फारच छान लागायला लागला. शिंपीणबाई वर येता येता म्हणाली, आजी, अडकलात का? म्हटलं, अडकते कसली, हवा खाते. तिने जाऊन तळमजल्यावर राहणाऱ्या पोस्टमनला आणलं, मुलगा धावत आला, आणि मला खुर्चीत बसवून दोघांनी वर नेलं. राणीसारखी! गुडघा थोडा सुजलाय.

मुलगा बराच वेळ माझ्या पायाशी बसून होता. पाय चेपले.

६ एप्रिल, रविवार
आज मीच विषय काढला. म्हटलं, सगळेच पाण्यावर गेले तर घराला कुलूप लागेल. बोट हिंडली तरी तिला यायला एक बंदर लागतं. ते मी. मुलगा म्हणाला, आई, मग आम्ही नकोच जायला. त्याला दम दिला, बोट मी पसंत केलेली आहे, गुपचूप जा. शिंपीणबाई रात्री सोबतीला झोपेल. तिला बंदराचं नाही समजत, पण दार लावता येतं.

सूनबाई पट्ट्या काढायला वाकली. लाल काढल्या. पिवळ्या राहू दे म्हटलं.

२० एप्रिल
गेले. मी खिडकीतून हात हलवला. छपराआड गाडी दिसली नाही, पण हॉर्न ऐकू आला. आमचाच असणार.

११ मे
चहा पिवळ्या पट्टीत उभं राहूनच करायचा, असं ठरवलंय. सवय मोडायला नको. स्टो आत घेतला. शिंपीणबाई अडखळून पट्टीबाहेर गेली. म्हटलं, बुडालात. ती म्हणाली, झोपा आता.

८ जून, रविवार
आले! तिघंही काळे ठिक्कर. मुलगा खुर्चीच्या टोकावर बसला, चप्पल दाराशीच, घड्याळाकडे डोळे. भरतीला निघायचं होतं त्यांना. सूनबाईने पाणी घेऊ का विचारलं. स्वतःच्या घरात! म्हटलं, स्वयंपाकघर कसं आहे? म्हणाली, आई, तुमची निवड एकदम फर्स्ट क्लास. दोन बायका सहज उभ्या राहतील.

नात सरळ पिवळी पट्टी ओलांडून माझ्या गळ्यात पडली. मी ओरडले, बुडालीस! ती म्हणाली, काय गं आजी? तिला आठवेना.

छपरावरची चप्पल अजून तिथेच आहे, ते सांगायचं राहून गेलं.

पाहुणे ६ जुलैला परत येतो म्हणालेत. रविवार आहे. वारा बरा असला तर.