सुतक कुणाकुणाचं पाळू?

सदलग्याच्या चि. सौ. अंबुबाईस, बेळगावच्या दवाखान्यातून थोरल्या बहिणीचा, जया आक्काचा आशीर्वाद. तुझे गुडघे, म्हस आणि नवरा, तिघांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. माझी विचारू नकोस. (विचारणार न्हाईसच, दोन वर्षं कुठं विचारलीस?) लिहिणारी माझी नात दिपाली, वाचणारी तुझी सून रचना, आपण दोघी नुसत्या बोलणाऱ्या. रचना, कंसातलं वाचू नको गं.

तर गळ्यातली थायरॉइडची गाठ लई पिसाळलीय. छाती मळणी यंत्रासारखी धडधडते, हात थरथरतात, अंगावर चादर सोसत न्हाई. गोळ्या दिल्या, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या. गोळ्या बंद. गाठ कापावी, तर एवढ्या धडधडीत भूल देता येत न्हाई. मग डॉक्टरांनी प्लाझ्मा बदलायचं काढलं. मानेत नळी घालून रक्त यंत्रात न्यायचं, गाठीच्या विषासकट त्यातलं पिवळं पाणी काढून टाकायचं आणि दुसऱ्यांनी दिलेलं चांगलं पाणी घालून रक्त परत अंगात सोडायचं. असं तीनदा झालं. काढलेल्या पाण्याची पिशवी बघितली, तुझ्या कढीसारखीच पिवळी नि पातळ. (दिपाली तोंड वाकडं करतीय. लिही गं.)

पंधरा-वीस माणसांचं पाणी अंगात गेलं म्हटल्यावर मी डॉक्टरांकडं त्यांची नावं-गावं मागितली. म्हणाले, आजी, ते गुप्त असतंय. म्हटलं, मग यांच्यातलं कोण गेलं तर मी सुतक कसं पाळू? तसंच देवाला शिवू व्हय? डॉक्टर पोट धरून हसले. मला काय हसू आलं न्हाई. नाडी दीडशेवरून नव्वदवर आलीय, पण लई दमलेय गं. हसायचं पुढच्या आठवड्यावर टाकलंय.

रचनाच्या लग्नात माझ्या हातातनं अक्षतांचं ताट पडलं, तेव्हा चारचौघांत "आक्काची नाटकं" म्हणालीस. तेव्हापासून आपलं बोलणं बंद. आता माझं थरथरणं रिपोर्टात छापून आलंय, शिक्क्यासकट. फोटो रचनाच्या फोनवर पाठवलाय. नीट बघ.

तुझी,
नाटकी आक्का

ता. क. : पाणी बदलल्याचा गुण थोडेच दिवस टिकतो, म्हणून गुरुवारी ऑपरेशन. आवाजाची नस गाठीला चिकटलीय. आवाज जाऊ शकतो, असं लिहिलेल्या कागदावर अंगठा दिलाय. मला लिहिता येत न्हाई, अंबू. आवाज गेला तर दोन वर्षं साठवलेलं सगळं गळ्यातच राहील.

आणखी एक : बुधवारी ये. मी गेले तर तीन दिवस सुतक धरून बसशीलच, त्यातला एक आत्ताच दे. येताना कढी आण. पातळच कर, घट्ट काही गिळवत न्हाई.