इस्माईलचाचांचा फोटो आणि चाळीस जीबीची डिस्क

२७ सप्टेंबर, शनिवार. कारंजा.
सुलतानबींना शब्द दिला. नात आयतचा निकाह १२ ऑक्टोबरला. आजोबा, म्हणजे कापूस पिंजणारे इस्माईलचाचा, जाऊन अठरा वर्षं झाली आणि घरात त्यांचा एक फोटो नाही. मी २००३ साली पेपरसाठी काढला होता. माझ्या जुन्या हार्डडिस्कमध्ये आहे. “भाऊ, त्यायची सूरतच ध्यानातून पुसत चालली,” सुलतानबी म्हणाल्या. निकाहआधी फ्रेम करून आणतो, असं अख्ख्या मोहल्ल्यासमोर सांगितलं. दोन दिवसांचं काम.

२८ सप्टेंबर.
माळ्यावरून डिस्क काढताना डोक्यावर पडली. माझ्या. तीन टाके. तिला ओरखडा नाही. त्या काळचा माल. सुलतानबींचा नातू उजैर म्हणाला, “काका, हिले हात नका लावू. अमरावतीहून वायर आणतो, पुढच्या रविवारी मीच जोडतो.” चांगला आहे. पण शेवटी मोबाइल दुरुस्तीवाला.

२९ सप्टेंबर.
जुन्या कॉम्प्युटरला जोडली. मागच्या पिनांवर एक चिमुकली टोपी असते. ती ‘मास्टर’वर बसवायची की ‘स्लेव्ह’वर, ते आपण ठरवायचं. कॉम्प्युटरच्या आत एक मास्टर डिस्क आधीच आहे. पण जिच्यात माझी वीस वर्षांची पत्रकारिता, तिला दासी करू? मास्टरवर बसवली. आता दोघींपैकी एकही दिसत नाही. एका व्यासपीठावर दोन शास्त्री. दोघींना समजावलं. साम झाला.

३० सप्टेंबर, दुपार.
दाम. नवी केबल आणली. शॉक लागला. बायकोने, उज्ज्वलाने, लाटणं मारून हात बोर्डापासून सोडवला. सुटल्यावरही दोनदा मारलं. म्हणाली, वेग आवरला नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी.
शस्त्रपूजन. पक्कड, हातोडा आणि डिस्क. डिस्कच्या झाकणावर बारीक भोक आहे. हे झाकू नये, असं शेजारी इंग्रजीत लिहिलंय. पण बरोबर कपाळाच्या जागी! तिथंच ओलं कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या. नारळ तिच्याशेजारी फोडला. पहिला घाव अंगठ्यावर. थोडं पाणी भोकातून आत गेलं असावं. तीर्थच ते.

३ ऑक्टोबर.
डिस्क टक् टक् करते. म्हणजे जीव आहे. आता दंड. आधी थप्पड. मग कॅबिनेटला लाथ (पायाचं नख काळंनिळं). मग हातोडा, टॉवेल गुंडाळून. मी क्रूर नाही. तेरा घाव. टक् टक् बंद. वळण लागलं.

४ ऑक्टोबर.
उरला भेद. स्क्रू चांदणीच्या आकाराचे, हट्टी. छिन्नीने फोडले. तळहात फाटला. आत आरशासारखी तबकडी, तिच्यावर रक्त आणि कुंकू. कुठलं कुठलं ते ओळखू येईना. स्पिरिट आणि तारेच्या घासणीने लख्ख केली. उजैरचं अर्धं काम वाचवलं.

५ ऑक्टोबर, रविवार.
उजैर वायर घेऊन आला. तबकडी पाहिली, वायर पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाला, “काका, याच्यात आजोबा होते.”
मी चहा विचारला. घेतला नाही.

११ ऑक्टोबर.
सहा दिवस मोहल्ल्याकडे फिरकलो नाही. सगळ्या बातम्या दुसऱ्या बाजूला होत्या. आज उज्ज्वलाने दंड धरून नेलं. सुलतानबींना सगळं सांगितलं. भोक, कुंकू, हातोडा. घाव आठच सांगितले.
त्यांनी फक्त विचारलं, “तुमी तं पाह्यलं होतं नं त्यायले? सांगा मंग, कसे दिसत होते.”
तोंडात विशेषणं दहा आली. चेहरा एकही आला नाही. आठवला तो पिंजताना पापण्यांवर बसलेला कापूस. तेवढंच सांगितलं.
“हाव,” सुलतानबी म्हणाल्या. “मीच पुसत होती तो. पदरानं.” मग आयतकडे वळून तिला तेच पुन्हा सांगितलं, हाताने पापणी दाखवून.
निघताना उजैरला म्हणाल्या, “भाऊच्या घरी जाय अन् हातोडा घेऊन ये. आपल्याच घरी ठेवू.”
संध्याकाळी हातोडा गेला. उज्ज्वलाने दोन्ही हातांनी दिला.