मऊ पानांच्या वड्या

कावासाकी, १२ मे २००४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या मनगटाचं हाड मोडल्याचं कळल्यापासून हॉटेलात कांदा चिरतानाही माझं लक्ष लागत नाही. आमच्या घरमालकांच्या आयरिश बायको ब्रिजिडबाई यांनी कॉम्फ्रीची पानं दिली, ती पाठवतो. त्यांच्या गावी हे बांधावरचं तण. गाय लंगडली की वाटून बांधतात. आपली हाडसांधीची वेल तशीच ही. फक्त वरून बांधावी, पोटात घेऊ नये. औषधाचे आभार मानले तर गुण जातो म्हणे, म्हणून मानू नयेत.

लहान पुडीतली पानं फॉक्सग्लोव्हची, विषारी. तुमच्या शेजारच्या आजींच्या वाफ्यात दोन्ही उगवतात पण ओळखता येत नाहीत असं शमावहिनी म्हणाल्या, म्हणून केवळ ओळखीसाठी. कॉम्फ्री खरखरीत, हे मऊ. कोवळी, जून अशी सगळी मिळून सहा ठेवली, म्हणजे चूक व्हायला नको.

आईच्या पायावर डोकं. लोभ आहेच, तो कमी होऊ नये.

नीलकंठ


नागोया, १६ मे २००४

चि. नीलकंठ यास,
अनेक आशीर्वाद.

खोकं मिळालं. पत्र अजून फोडलेलं नाही. तुझं पत्र म्हणजे शुद्धलेखनाची वही, सवडीने बघेन. दहावीला दोनदा आपटलास, पण वेलांटी कधी चुकली नाही, हे आईचं पालुपद.

मोठी पानं खरखरीत म्हणून शमाने टाकून दिली आणि मऊ पानांच्या वड्या केल्या. इथे अळू कुठलं मिळायला! कडूजहर झाल्या. आम्ही थुंकून टाकल्या. आईने मात्र चार खाल्ल्या, नीलूने पाठवलंय म्हणून. आज सकाळपासून ओकते आहे आणि चादर पिवळी दिसते म्हणते. म्हटलं, आता तरी धाकट्याचं कौतुक आवर.

आचारीबुवा, आभार!

अंबरीष


नागोया, ३ जून २००४

चि. नीलकंठ,

तुझा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. दिवसकार्य उरकलं. डॉक्टरांनी पानांचं विचारलं, तेव्हा तुझं पत्र फोडलं. नंतर फाडून टाकलं.

पुण्यात सगळ्यांना सांगितलंय, पानं तू पाठवलीस आणि सोबत एक अक्षर नव्हतं. चूक तुझीच. तसंच राहू दे. शमाला माहेरी तोंड दाखवायचंय. तुला कुठे जायचंय?

अंबरीष


कावासाकी, ७ जून २००४

ती. दादास,
शि. सा. न.

पत्र पाठवण्याआधी मी नेहमी नक्कल ठेवतो. काल ती अकरा वेळा वाचली. चूक सापडत नाही. कोणत्या ओळीत आहे, तेवढं कळवावं.

नीलकंठ